पोत्याची छापील बाजू

तीन वर्षांपूर्वी, पोळा झाल्यावरच्या सोमवारी, झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावरच्या शाळेत मी जंगूबाईंना भरसभेत खोटं पाडलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आणि जंगूबाई तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. त्या दिवशी त्या खरं बोलत होत्या. खोटं मी बोलत होतो. सभेत बसलेल्यांपैकी हे दोघांनाच माहीत होतं — त्यांना आणि मला.

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्यांच्याबरोबर रात्ररात्र जागून पत्रकं छापली त्या दोस्तांना नाही. आता तुम्हाला सांगतोय, तेही धडपणे सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण मला सवय आहे ती दुसऱ्यांवर तुटून पडायची. सरकारवर, शिक्षण खात्यावर, पेपरवाल्यांवर. स्वतःवर तुटून पडायला बसलो तर शब्द असे लुळे का पडतात?

पांढरकवडा, वणी, झरी — या भागात तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, तर मला ओळखतही असाल. निखिल. 'माध्यमं हा शाळेचा विषय झालाच पाहिजे' म्हणत फिरणारा. पिवळं पत्रक वाटणारा. त्या पत्रकाची पहिली ओळ खूप जणांना पाठ आहे: 'मी स्वतः एक खोटा व्हिडिओ पसरवला, कारण खरं-खोटं कसं ओळखायचं हे मला शाळेत कुणी शिकवलंच नव्हतं.' या ओळीवर टाळ्या पडतात. बायांचे डोळे भरून येतात. एका हेडमास्तरांनी तर मला जवळ घेऊन म्हटलं होतं, पोरा, चूक कबूल करायला छाती लागते.

त्या ओळीचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग थोतांड आहे. मला माहीत होतं. व्हिडिओ टाकण्याआधी माहीत होतं. काढण्याआधीसुद्धा माहीत होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर पुन्हा पत्रक लिहितोय असं व्हायचं.

त्या वर्षी रेशनच्या आणि शाळेच्या तांदळात वेगळे दाणे यायला लागले होते. जरा पिवळट, जरा जाड, पाण्यात टाकले की वर तरंगणारे. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून त्याचेच दाणे पाडतात आणि साध्या तांदळात थोडे थोडे घालतात. अंगात रक्त कमी असलेल्या पोरांसाठी. पण हे गावात कोण सांगणार? पोतं आलं, उतरवलं, सही घेतली, गाडी गेली. आमच्याकडच्या बाया तांदूळ सुपात घेऊन पाखडतात, निवडतात. त्यांना तो दाणा लगेच दिसला. दिसला की वेचायचा आणि उकिरड्यावर टाकायचा, नाहीतर कोंबड्यांपुढे. आणि कोंबडीनं तोंड लावलं नाही की झालंच — प्लास्टिक! घरोघर हेच चाललेलं. रक्तासाठी आलेला दाणा घरोघरी उकिरड्यात जात होता, आणि त्यावर एक शब्द बोलायला कुणी येत नव्हतं.

मी गेलो.

पोडावरच्या एका ओळखीच्या पोराचा निरोप आला होता. खांदशेकणीचा दिवस, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. पांढरकवड्याहून गाडी काढली. शाळेत पोचलो तर गुरुजी तालुक्याला मिटिंगला गेलेले. स्वयंपाकाच्या शेडमध्ये जंगूबाई एकट्याच होत्या. पोरं जेवून खेळत होती. बाईंनी मला आधी बसायला गोणपाट झटकून दिलं आणि न विचारता ताटली भरून खिचडी पुढे केली. मी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून खाल्ली. भूक लागली होती हो! ज्या खिचडीला मी तासाभरानं विष म्हणणार होतो, ती मी बोटं चाटून खाल्ली.

जेवता जेवता भिंतीला टेकवलेलं पोतं दिसलं. त्यावर निळ्या अक्षरांत, मराठीत, चांगलं ठसठशीत छापलेलं होतं — लोह आणि जीवनसत्त्वं मिसळलेला तांदूळ. मी दोनदा वाचलं. मला वाचता येतं. कॉलेजात भाषणाची बक्षिसं घेतलेला माणूस मी, तीन ओळींचा मजकूर मला कळत नव्हता असं कुणी म्हणेल का? मी मात्र तीन वर्षं तेच म्हणत आलोय.

आणि वाचल्यावर मला काय वाटलं असेल? बरं झालं, भीतीचं कारण नाही, असं? नाही. माझा चेहरा पडला. पेट्रोल जाळून इतक्या लांब आलो आणि विषय हातातून निसटला — हे वाटलं. एवढंच. पोरांच्या पोटात विष नाही याचं मला वाईट वाटलं होतं. पुन्हा वाचा ते वाक्य. मीही पुन्हा वाचतोय.

माझं खरं शिक्षण कॉलेजातल्या विद्यार्थी संघटनेत झालं, पत्रकं लिहून. आमचा एक दादा होता, त्यानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं — पत्रकात 'पण' नसतो. एक बाजू धरायची, जोरात मारायची. 'पण' आला की वाचणारा जांभई देतो. हे मला इतकं मुरलं की मला माणसांच्या बोलण्यातला 'पण'सुद्धा अडचणीचा वाटायला लागला. पोत्यावरचा तो मजकूर म्हणजे एक लांबलचक 'पण' होता.

मी म्हटलं, "बाई, हे पोतं जरा फिरवता का? छापलेलं मध्ये येते, फोटो चांगला नाही येत."

जंगूबाई उठल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. छापील बाजू भिंतीकडे गेली. मग त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, कारण फोटो काढायचा होता ना. मी त्यांना उभं केलं. हातात ताटली, ताटलीत वेचलेले पिवळट दाणे. काडी ओढून दोन दाणे जाळले. काळे पडले, चिकटले. कुठलाही तांदूळ जाळला तरी तसाच काळा पडतो आणि चिकटतो, हे मी बोललो नाही. मग विचारलं, हे दाणे तुम्ही वेचून काहून टाकता?

त्या म्हणाल्या, "पोरायच्या पोटात काय जाऊन राह्यलं काय माहीत. मले भेव वाटते. पण गुरुजी म्हणते का ताकदीचे दाणे हायेत थे, राहू द्या."

'मले भेव वाटते' इथे मी कात्री लावली. पुढचं उडवलं.

पोडावर रेंज नाही. फोन लावायचा तर मागच्या टेकडीवर जावं लागतं, तिथं एक खडक आहे, सगळं पोड तिथंच उभं राहून बोलतं. मी त्या खडकावर बसलो. रेंज आली. आणि ऐका — व्हिडिओ टाकण्याआधी मी शोधलंही. पोत्यावरचे शब्द टाकले, उत्तर आलं, फोटोसकट आलं. तरंगणारे दाणे, पिवळट दाणे, का तरंगतात, का पिवळे दिसतात. वाचून झाल्यावर मी ती खिडकी बंद केली आणि वर मथळा लिहिला: आदिवासी लेकरांच्या ताटात प्लास्टिक! खाली धडधडणारं संगीत लावलं. पाठवून दिलं. खाली उतरेपर्यंत फोन गरम झाला होता.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगू? खूप छान वाटलं. कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं. ते मी विसरलेलो नाही. किळस यायला लागली ती फार नंतर.

पोळ्याच्या दिवशी तो व्हिडिओ वणीच्या खाणीतल्या पोरांपासून हायवेवरच्या धाब्यांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होता. बैल सजवून उभे आणि माणसं मान खाली घालून माझा व्हिडिओ बघत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत पालक आले आणि शिजलेल्या खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरवून अंगणात पालथं केलं. आजूबाजूच्या पोडांवरच्या शाळांतही पोरांनी जेवणं सोडलं. ज्या घरांत आईबाप उजाडताच निंदणाला जातात, त्या घरांतल्या पोराला दुपारी पोटभर मिळायचं ते शाळेतच. ती पोरं त्या दिवसांत काय खात होती, हे मी बघायला गेलो नाही. मी किती जणांनी व्हिडिओ बघितला तेच बघत होतो.

आणि जंगूबाई? व्हिडिओत चेहरा त्यांचाच होता. भीती वाटते असं स्वतःच्या तोंडानं सांगणारी, तरीही रोज तेच रांधून पोरांना वाढणारी बाई — व्हिडिओतून एवढाच अर्थ निघत होता. मी तो काढायला लावला होता.

मग सोमवारची सभा. शाळेच्या व्हरांड्यात सगळं पोड जमलेलं, शेजारच्या गावांतलेही आलेले. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले होते. त्यांनी दाणे कशाचे ते नीट समजावलं, चार दाणे तोंडात टाकून चावून दाखवले आणि शेडमधलं पोतं आणून सगळ्यांपुढे उभं केलं. छापील बाजू लोकांकडे. कुणीतरी मागून विचारलं, "मंग व्हिडिओत थे काहून नाही दिसलं?"

जंगूबाई उभ्या राहिल्या. मोठ्यानं बोलायची सवय नसलेली बाई. म्हणाल्या, "यानंच पोतं फिरवलं. एक टोक मीच धरलं होतं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. व्हिडिओ काढल्याबद्दल सत्कार करायचा म्हणून पालकांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. शाल पिशवीत तयार होती. बोलायला मला किती वेळ होता? भरपूर होता. माझ्या खिशात फोन होता. त्या फोनमध्ये न कापलेला अख्खा व्हिडिओ होता — 'पण गुरुजी म्हणते' सकट. पोतं फिरवतानाचा आवाजसुद्धा होता त्यात, कारण मी रेकॉर्डिंग आधीच चालू करून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "बाई घाबरल्या आहेत. त्यांच्यावर रागावू नका. पोतं मी आलो तेव्हा तसंच होतं."

बघितलंत ना? 'रागावू नका' म्हणालो. मोठ्या मनाचा.

एक म्हातारी पचकन थुंकली. म्हणाली, "एवढं समजत होतं त रांधलं काहून मंग? आता त्या पोरावर ढकलून राह्यली." दोघंतिघं हसले. जंगूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही — मी काय बोललो ते त्यांना नीट ऐकू आलं नसावं, असं बघत होत्या. मग खाली बसल्या. मी उठून माईक घेतला आणि सगळ्यांची माफी मागितली. मलाही कळलं नाही, मलाही कुणी शिकवलं नाही, मीही फसलो, म्हणालो. टाळ्या पडल्या. शाल काही मिळाली नाही, पण बाईंच्या बोलण्यापासून माझ्या माफीपर्यंत सगळ्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त फिरला. माझी चळवळ त्या व्हिडिओतून जन्मली. त्या संध्याकाळी, पांढरकवड्याला पोचण्याआधी, मी अख्खा व्हिडिओ फोनमधून पुसून टाकला.

भीती पसरवली आणि वर खोटं बोलली म्हणून जंगूबाईंचं रांधणं गेलं. शाळेच्या समितीनं दुसरी बाई ठेवली. पोडावरची पोरं जंगूबाईंना 'प्लास्टिकवाली' म्हणायला लागली — ज्या पोरांना त्यांनी वाढलं तीच. त्यांच्या भाच्याच्या लग्नात स्वयंपाकाला बाया जमल्या तेव्हा यांना चुलीजवळ बसू दिलं नाही, असं मला नंतर कळलं. ते कळल्यावर मी काय केलं? एका शाळेत कार्यक्रम होता. तिकडे गेलो.

तीन वर्षं मी शिकवतोय. आणि वाईट शिकवतो असंही नाही, हीच तर घाण आहे. सातवी-आठवीच्या पोरांना मी एकाच वर्गाचे दोन कोपऱ्यांतून फोटो काढायला लावतो. एकात वर्ग भरलेला दिसतो, दुसऱ्यात ओस. गावच्या बाजाराची बातमी लिहायला लावतो, एकदा भाजी विकणारीच्या बाजूनं आणि एकदा घेणाऱ्याच्या. पोरं चमकतात. मथळा, फोटो, संगीत, कात्री — हे कुणीतरी ठरवून करतं, आपोआप होत नाही, हे त्यांना अर्ध्या तासात कळतं. आणि मग मी माझाच व्हिडिओ दाखवतो. नमुना म्हणून! बघा, अज्ञानातून काय होतं. स्वतःच्या गुन्ह्याचा मी धडा केला आणि त्या धड्यात स्वतःला बिचारा करून टाकलं.

यंदा वणीच्या एका शाळेत हा व्हिडिओ दाखवला. आठवीतली एक मुलगी उठली. बाप कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, असं ती आधी ओळख करून देताना म्हणाली होती. तिनं विचारलं, "सर, या बाईंना कोणी विचारलं का, तुम्ही पूर्ण काय बोलल्या म्हणून? आणि तुमच्याकडे तो कापलेला तुकडा असंल ना?"

मी म्हणालो, छान प्रश्न आहे, वेळ संपली, पुढच्या वेळी बघू. सगळ्या वर्गानं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मीच वाजवायला सांगितल्या.

गाडीवरून परत येताना मी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि तिचा प्रश्न एका पिवळ्या पत्रकाच्या मागे लिहून काढला.

कारण त्या सोमवारच्या सभेत हाच प्रश्न कुणी विचारला असता तर मी तिथंच पकडलो गेलो असतो. शंभरावर माणसं बसली होती. साहेब होते, गुरुजी होते, पदवी घेतलेली पोरं होती. एकानंही म्हटलं नाही — बाई एक सांगतात, तू एक सांगतोस, तर मग फोन काढ आणि अख्खं दाखव. त्यांना हा प्रश्न विचारता येतो, हेच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, व्हिडिओत जे आहे तेवढंच घडलं.

म्हणून सांगतो, हा विषय शाळेत हवाच, पण मी पत्रकात लिहिलेल्या कारणासाठी नाही. मला हा विषय शिकवला असता तर मी सुधारलो असतो, हे खोटं आहे. मला सगळं येत होतं. पोतं कुठल्या बाजूला फिरवायचं हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. हा विषय हवा तो माझ्यासारख्याच्या समोर बसलेल्या माणसांसाठी. खुर्चीवर बसलेल्या, चांगलं बोलणाऱ्या, माफी मागणाऱ्या पोराला मध्येच थांबवून 'कापलेलं दाखव' म्हणता यावं म्हणून. चुलीजवळच्या बाईचं बोलणं आणि फोनवाल्याचं बोलणं एकाच तराजूत घालता यावं म्हणून. गणित शिकवता, इतिहास शिकवता, आणि पोरं रोज चोवीस तास ज्याच्यातून जग बघतात त्याला एक तास देत नाही — हा राग माझा खरा आहे. फक्त तो राग मी स्वतःला झाकायला वापरला.

मागच्या आठवड्यात मी पोडावर गेलो. जंगूबाई घरापुढे बांबूच्या कामट्या काढत बसल्या होत्या. मला बघून हात थांबला नाही.

"आला का फोटोवाला," म्हणाल्या. "आज काय फिरवाचं हाये? घर का मी?"

मी सगळं सांगितलं. रडलोही, तेही सांगून टाकतो. त्यांनी ऐकून घेतलं, कामटीची धार अंगठ्यानं बघितली.

"मले काय सांगतं? मी तं तिथंच होती. मले माहीतच हाये. ज्यायले माहीत नाही त्यायले सांग."

माफी द्या म्हणून मी तोंड उघडलं होतं. मिटलं. पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांनी. काहून विचारावं?

मग त्याच दिवशी पोडावरच्या लोकांना शाळेपुढे बोलावून सांगितलं. बारा-पंधरा जण आले. थुंकलेली म्हातारी आली होती. आता ती माझ्याकडे बघून थुंकली. एकजण म्हणाला, आता बोलून काय, बाईचं रांधणं त गेलंच ना. पिवळी पत्रकं घरी गठ्ठ्यानं पडलीत. त्यातलं एकही आता वाटणार नाही.

पण पोडावर सांगून भागत नाही. पोडावर रेंज नसल्यामुळे दोन्ही व्हिडिओ तिथं कमी फिरले. ते फिरले तुमच्याकडे. वणीत, पांढरकवड्यात, यवतमाळात, तुमच्या नातेवाइकांच्या, शाळेच्या, गल्लीच्या गटांत. जंगूबाईंना खोटं ठरवलं ते तुम्हीही, हसणारं चित्र टाकून, पुढे ढकलून. माझ्यावर थुंकायचं तर खुशाल थुंका. पण वाचून फोन खिशात ठेवू नका. ज्या ज्या गटात तुम्ही त्यातला कुठलाही व्हिडिओ टाकला होता, त्या प्रत्येक गटात लिहा की पोतं निखिलनं फिरवलं, त्याला सगळं माहीत होतं, आणि जंगूबाई खरं बोलत होत्या. कुणी 'जुनं कायले उकरून राह्यला' म्हणालं तरी लिहा. आत्ता लिहा.